पबजी, पोरं आणि प्राइम टाइम

गेम खेळणारं पोरगं म्हणजे वाया गेलेलं पोरगं, हे आपण कधीच ठरवून टाकलंय. आपण म्हणजे चॅनेलवाले, पेपरवाले, मास्तर आणि आई-बाबा, सगळेच. पण बीड जिल्ह्यातल्या एखाद्या पारावर बसून बघितलं, तर मामला जरा वेगळा दिसतो, बॉस!

बीड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिलं काय येतं? खरं सांगा, लाजू नका. दुष्काळ. ऊसतोड. राडेबाज राजकारण. अलीकडे त्यात क्राइम स्टोरीची भर पडलीय. आणि निकालाच्या सीझनला 'ऊसतोड मजुराचा मुलगा झाला अधिकारी' ही हमखास बातमी. फोटोत पेढा, गळ्यात हार, मागे पत्र्याचं घर.

बास. या चार-पाच साच्यांत न बसणारं माणूस बीडमध्ये राहतच नसावं, असा आपल्या न्यूजरूम्सचा समज आहे. मी मास कॉम केलंय, त्यामुळे हे साचे कुठे ओतले जातात ते जवळून पाहिलंय. फ्रीलान्सर म्हणून एखाद्या डेस्कला फोन करून 'बीडमधून एक फीचर देऊ का?' असं विचारलं, की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "यंदा दुष्काळ आहे का?" आहे म्हटलं तर "फोटो पाठव." नाही म्हटलं तर "बरं, बघू मग."

त्यामुळे मला बीडच्या पोरांच्या व्हिडिओ गेम्सवर लिहायचंय, असं मी जाहीर केलं तेव्हा मित्रमंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले. बीड आणि गेमिंग? का नाही? गेम काय फक्त हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये, एसी लावून, हजारोंच्या खुर्चीत बसूनच खेळतात का?

मुस्तफा ते पबजी

तुमच्यातले जे छोट्या शहरांतून आलेत त्यांना 'मुस्तफा' सांगायला नको. एक रुपयाचं नाणं, पार्लरमधलं ते धुरकट अंधारं दुकान आणि मागे रांगेत उभी असलेली दहा पोरं. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. त्यात हिरो चार, पण आपल्याकडे सगळ्यांना हवा असायचा तो मुस्तफा. अख्ख्या गेमचं बारसंच त्याच्या नावाने झालं! इंग्रजी वाचता येवो न येवो, कुठलं बटण कधी दाबायचं हे मात्र पोरांना बिनचूक माहीत. कोणी शिकवलं? कोणीच नाही. पुढच्याचं बघून मागचा शिकला.

माझ्या पिढीच्या वाट्याला आला तो टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम, मारिओ आणि कॉन्ट्रा. शिवाय हातातला ब्रिक गेम, ज्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि आत मोजून आठ-दहा गेम निघायचे. नोकियातला साप तर होताच. वडिलांचा फोन चार्जिंगला लागला की घरात भांडणं.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच. शंभर जण पॅराशूटने बेटावर उतरतात, हळूहळू मैदान आकसत जातं, शेवटी जो उरेल तो जिंकला. गेम झकास होताच. पण तो छोट्या गावात का शिरला? एक म्हणजे कॉम्प्युटर नको, कन्सोल नको, हातातला फोन पुरतो. दोन, फुकट. आणि तिसरं, जे आपण कायम विसरतो ते म्हणजे माइक. चार जणांचा स्क्वॉड करून खेळताना गप्पा मारता येतात. खेडोपाडी पोरांना तो खेळ होता आणि कट्टाही.

'फ्री फायर' गावाकडे आणखी पसरला. गेम हलका, साध्या फोनवर चालतो, पन्नास जण, दहाएक मिनिटांत मॅच खल्लास. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, पण त्याचाच भाऊ 'फ्री फायर मॅक्स' मागे राहिला. पोरं तिकडे शिफ्ट झाली. विषय संपला.

भस्मासुर वगैरे

आता मीडियाचं बघू. २०१८ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश जाहीर केला आणि आपल्या चॅनेल्सना लॉटरी लागली. गेम खेळणं हा आजार! पबजीचा भस्मासुर! तुमचा मुलगा तर या विळख्यात नाही ना? संघटना प्रत्यक्षात काय म्हणत होती? खेळण्यावरचा ताबा सुटलेला असेल, बाकी सगळ्यापेक्षा गेमलाच महत्त्व दिलं जात असेल, नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नसेल आणि हे सगळं साधारण वर्षभर चाललं असेल, तर त्याला आजार म्हणायचं. म्हणजे सुट्टीत दिवसभर खेळणारा पोरगा रोगी ठरत नाही. पण 'साधारण वर्षभर' हे शब्द टीव्हीच्या खालच्या पट्टीत मावत नाहीत ना!

मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना चक्क अटक केली. देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी बीडमधली आणखी एक गोष्ट बाहेर आली होती, ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कामावर एक दिवस चुकला की 'खाडा', आणि खाड्याला दंड. पाळीसुद्धा परवडत नाही अशा बायका. २०१९ म्हटल्यावर तुम्हाला या दोन्हीपैकी काय आधी आठवतं? मीडियाने काय दाखवलं नाही यापेक्षा काय किती वेळा दाखवलं, यात सगळी गंमत असते. हे मला कुठल्या लेक्चरमध्ये कोणी शिकवलं नाही, हे आपलं माझंच.

२०२० मध्ये तर कमालच झाली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि 'पोराच्या हातातला मोबाइल काढून घ्या' म्हणणारे सगळे एका रात्रीत 'पोराला मोबाइल घेऊन द्या' म्हणू लागले. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाची मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. चांगली होती, मी भाचीबरोबर बघायचे. पण बाकीची शाळा व्हॉट्सॲपवर होती. ज्या घरात एकच फोन, तो बापाबरोबर शेतावर जाणार, तिथे काय करायचं? २ सप्टेंबरला पबजीसकट ११८ चिनी ॲप्सवर बंदी आली. कारण डेटा सुरक्षेचं होतं. 'आता तरी पोरं अभ्यास करतील' असे मेसेज माझ्याच फॅमिली ग्रुपवर तीन काकांनी टाकले. अभ्यास कुठे करतील? त्याच फोनवर, काका.

व्यसन, पण जाहिरातीच्या वेगात

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. एका पानावर मोबाइल गेम्समुळे तरुणाई बरबाद झाल्याची चिंता आणि त्याच अंकात रमीची अर्धं पान जाहिरात! टीव्हीवर तर विचारूच नका. डिसेंबर २०२० पासून जाहिरातींच्या नियामक संस्थेने पैशांच्या गेम्सना इशारा द्यायला लावला, की यात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं. तो इशारा कोणत्या स्पीडने वाचला जायचा ते आठवतंय ना? शर्यतीतला घोडासुद्धा इतका पळत नाही. म्हणजे व्यसन हा शब्द पबजीच्या पोराला लावायचा तर पंधरा मिनिटं, आणि जाहिरातदाराला लावायचा तर तीन सेकंद.

२०२३ मध्ये ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय क्रिकेट टीमच्या जर्सीवर आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली आणि ते नाव गेलं. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. म्हणजे खेळ आणि जुगार हे दोन वेगळे असतात, हे शेवटी कायद्याला कळलं. जाहिरात खात्यांना आधीपासून माहीत असणारच.

याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. त्यांनी इन्कार केला, आपण फक्त स्क्रीनवर आलेली जाहिरात बंद करत होतो असं सांगितलं. पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं! यावर मी विनोद करणार नाही. गरज नाही.

सेव्ह बटण कुठाय?

आता तुम्ही म्हणाल, ही बाई गेम्सची वकिली करतेय. अजिबात नाही. रात्री दोनपर्यंत जागणारी पोरं मी बघितलीत, बापाच्या यूपीआयवरून गुपचूप 'डायमंड' विकत घेणारीही बघितलीत. ते भारी वगैरे नाही. पण गेम जे एक काम करतो ते आपली शाळा करत नाही, आणि बीडमध्ये ते जास्त बोचतं.

जेम्स पॉल जी नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने २००३ मध्ये व्हिडिओ गेम्समधून शिकण्यावर एक पुस्तक लिहिलं. आमच्या रीडिंग लिस्टमध्ये ते शेवटून दुसरं होतं, त्यामुळे अर्थातच फार जणांनी वाचलं नाही. त्याचा एक मुद्दा सोपा आहे. गेममध्ये चुकण्याची किंमत कमी असते. मेलात, पुन्हा सुरू करा. म्हणून पोरं धडपडतात, नवं करून बघतात. आपल्याकडे उलटं. बीडची हुशार पोरं दहावीनंतर लातूरला जातात, तिथल्या फेमस पॅटर्नमध्ये. टेस्टवर टेस्ट, रँकची यादी. म्हटलं तर तोही गेमच, लेव्हल आहेत, लीडरबोर्ड आहे. फक्त शेवटच्या बॉसशी लढायला वर्षातून एकच चान्स, आणि हरलात तर अख्ख्या गावाला कळतं.

पण लातूरला जाणारे तरी नशीबवान. ऊसतोडीच्या पोरांचं काय होतं बघा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', त्यांनी घेतलेली उचल, आणि बरोबर लेकरू. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात. (कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. बीडच्या परीक्षांवरून तुमच्या डोक्यात जी आली ती ही कॉपी नव्हे.) परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. वर्गात पुस्तक शेवटच्या धड्यावर, हा तिसऱ्या धड्यावर सोडून गेलेला. गेममध्ये तुम्ही जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करता येतं. शाळेत नाही. शाळेला सेव्ह बटणच नाही!

म्हणजे, प्रयत्न झालेत. कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. आई-बाप हंगामाला गेले तरी मूल गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. आजी-आजोबांपाशी राहणारीही बरीच. पण लेकरू लहान असलं, मागे सांभाळायला कोणी नसलं, किंवा थोरल्या बहिणीने धाकट्याला कोपीवर सांभाळायचं असलं, की ते टोळीबरोबर जातंच.

आता यात मोबाइल टाका. मग 'गेमचं व्यसन' ही बातमी तुम्हाला तशीच लिहिता येते का बघा.

पारावरचा स्क्वॉड

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मी गेवराई तालुक्यातल्या एका गावात होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरणं चालू होतं, पत्रे, भांडी, शेळीसुद्धा. मंदिराच्या पारावर तीन पोरं फोनमध्ये डोकं घालून बसलेली. तिथेच का, तर गावात रेंज तिथेच धड. फोन दोन, पोरं तीन, त्यामुळे एक जण आळीपाळीने नुसता ओरडून सल्ले देणार.

"कामून खेळता रे एवढं?" मी टिपिकल मोठ्या माणसाचा प्रश्न विचारला.

"टाइमपास ओ, ताई."

मग जरा वेळाने, मॅच हरल्यावर, त्यातला थोराड दिसणारा बोलला. "ह्यो उद्या चाललाय कारखान्यावर. मी आजीपाशी. त्यो होस्टेलला. मंग भेटायचं कुटं? ह्यातच भेटतो. बापाचा फोन रातच्याला मिळतो ह्याला."

जाणाऱ्याने लगेच माहिती पुरवली की गेल्या हंगामात त्याने कोल्हापूरकडच्या कोपीवरून खेळून आपली 'आयडी' टिकवली. आयडी म्हणजे गेममधलं खातं, नाव, कपडे, कमाई, सगळं. फोन बदलला तरी आयडी तीच. मी म्हटलं, आणि शाळा? "शाळेतलं नाव हाय की. पर सर म्हणले, आल्यावर बगू."

मी तिथे बसून हिशेब करत होते. ज्या पोराचा शाळेतला नंबर सहा महिने गैरहजर असतो, त्याची गेममधली ओळख अख्खा हंगाम शाबूत राहते. चौथीतल्या मित्राला तो रोज रात्री आवाजाने ओळखतो. याला आपण व्यसन म्हणायचं, आणि पुण्यात आपण ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर मीम टाकतो त्याला नेटवर्किंग!

मी त्यांना जरा शहरी ज्ञानही पाजळलं. सांगितलं, गेम खेळता तसे बनवताही येतात. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने सर्कशीत काम करणाऱ्या एका मुलीचा 'राजी' नावाचा गेम बनवला, तो २०२० मध्ये आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नॉमिनेशन घेऊन बसला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये पबजीसारखा 'इंडस' काढला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी तब्बल ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं, आणि योगायोग बघा, दुसऱ्याच दिवशी बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे सुरू झाली. १९९५ च्या आसपास मंजूर झालेली रेल्वे. "मंग गेमचे पैशे आमच्याकडं यायला किती वर्सं?" होस्टेलवाल्याने विचारलं. पोरगं पत्रकार व्हायला पाहिजे.

शेतीचे गेम असतात हे त्यांना खरं वाटेना. मी त्यांना 'फार्मव्हिल'चं सांगितलं, २००९ मध्ये फेसबुकवर आलेला, २०२० च्या शेवटच्या दिवशी बंद झालेला. आपले सीनियर्स ऑफिसात बॉसची नजर चुकवून त्यात स्ट्रॉबेरी काढायचे. वेळेत काढली नाही तर पीक सुकायचं, पण पाऊस कधी दगा द्यायचा नाही. यावर तिघंही खो खो हसले.

"ऊसतोडीचा न्हाई का गेम?"

नाही, मी म्हटलं. तुम्हीच सांगा, कसा असेल?

मग पुढचा अर्धा तास फोन खाली राहिले. सुरुवात मोळी टाकल्यावर, म्हणजे कारखाना सुरू होताना. हातात कोयता, आणि वर कोपऱ्यात लाइफच्या जागी उचल. ती आधीच भरलेली असते, खेळाल तशी फिटत जाते. खाडा झाला की पुन्हा वाढते. रात्री दोनला उठून गाडी भरायची लेव्हल सगळ्यात अवघड, कारण थंडी. साप मारला तर पॉइंट द्यायचे का, यावर भांडण झालं. मुकादम बॉस की हेल्पर, यावरही झालं. जाणारा म्हणाला हेल्पर, आजीपाशी राहणारा म्हणाला बॉस, कारण त्याच्या बापाची उचल तीन हंगाम झाले फिटलेली नव्हती.

आणि जिंकायचं कधी? पट्टा पडला की, म्हणजे कारखाना बंद झाला की, असं एकाचं मत. थोराड मानेनाच. पट्टा तर दरवर्षी पडतो, तो म्हणाला, त्याच्यात जिंकलं काय? उचल फिटली अन् पुढच्या साली घ्यावी लागली नाही, तर जिंकला.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. जाणाऱ्याने मला विचारलं, हे गेम बनवणाऱ्यांचा नंबर आहे का. माझ्याकडे नव्हता. तो आयडी पाठ म्हणून दाखवून, चप्पल शोधत पळाला.